डाव्या अंगाची धार

"उघडून बघू काय, बाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी म्हटलं, बघा की. चाकू मी टेबलावर मिटलेला ठेवला होता. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, समोर ठेवायचा आणि दुसऱ्याने आपल्या हाताने उचलायचा, हा आम्हा चाकूवाल्यांमधला रिवाज. हातात दिला तर भांडण होतं म्हणतात. म्हाताऱ्याने तो उचलला, मूठ पंज्यात दाबून धरली, नखाने पातं बाहेर काढलं आणि धारेवरून अंगठा आडवा फिरवला. मग पुष्कळ वेळ तो पातं उलटसुलट करून बघत राहिला. शेवटी त्याने पातं मिटलं आणि चाकू होता तिथे ठेवून दिला.

"ह्यो माजा न्हाय," तो म्हणाला.

खरं सांगते, मला राग आला. आल्या आल्या त्याने एवढंच सांगितलं होतं की, आपलं नाव धोंडू गोताड, जन्मभर माळीकाम केलं, आपला कलमाचा चाकू हरवलाय आणि तुमच्याकडे कलमाचा चाकू आहे असं कानावर आलंय. मी काही त्याला "हा घ्या तुमचा चाकू" म्हटलं नव्हतं. चांगला जुना पोलादी चाकू, मी स्वतः निगुतीने तयार केलेला, आणि ह्याने तो वांगं दाबून बघून परत ठेवावं तसा ठेवला.

"तुमचा नसेल, पण ह्याच्यासारखा तुम्हाला पुण्यात मिळायचा नाही," मी म्हटलं.

ह्याला गर्व म्हणायचा तर म्हणा. त्या वेळी मी बेचाळीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि जुन्या बाजारात मला "चाकूवाल्या बाई" म्हणत. पेन्सिलीला टोक काढायला चांगला चाकू हवा, एवढ्यावरून सुरू झालेलं वेड होतं ते. दर रविवारी सकाळी मी बाजारात जायची, भंगाराच्या ढिगातून घडीचे चाकू वेचायची, घरी आणून गंज काढायची, सांध्यात तेल सोडायची, धार लावायची. पहिल्या पहिल्यांदा विक्रेते विचारत, बाई, भाजीची सुरी पाहिजे का? पुढे पुढे तेच मला बोलावून विचारू लागले की, हे पातं कुठलं असेल. आमच्या घरी तर थट्टेला ऊत. नवरा म्हणायचा, कपाटात तीस चाकू आणि कांदा कापायला एकाला धार नाही, ह्याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

तीस म्हणजे बरोबर तीसच. सुताराकडून मी शिसवीची एक पेटी करून घेतली होती, तिला तीस कप्पे. एकतिसावा चाकू आला की आतला एक विकायचा, हा नियम मीच मला घालून घेतला होता. लोक विचारत, एवढ्या हौसेने घेता आणि मग विकता कशाला? मी सांगायची, चांगल्यासाठी बरं सोडावं लागतं. असं म्हटलं की लोकांना पटायचं, आणि मलाही ते पटलेलं होतं. घेणारा कोण, तो चाकूचं काय करणार, हे मी कधी विचारलं नाही. माझं लक्ष असायचं ते रिकाम्या झालेल्या कप्प्याकडे.

आता समोर ठेवलेला हा चाकू दोन महिन्यांपूर्वी मला जुन्या बाजारातल्या इस्माईलभाईच्या ढिगात मिळाला होता. लाकडी मूठ, तिच्यातला एक पितळी खिळा पडून गेलेला आणि त्या जागी कुणी तरी तांब्याची तार ठोकून सपाट केलेली. पातं धार लावून लावून निम्मं झिजलेलं. कलमाच्या चाकूची एक गंमत असते. साध्या चाकूला दोन्ही अंगांनी उतार असतो, कलमाच्या चाकूला एकाच अंगाने. दुसरं अंग पाटीसारखं सपाट, म्हणजे काप अगदी सरळ येतो. हे मला ठाऊक होतं, आणि ह्या चाकूचा उतार नेमका नको त्या अंगाला होता. कुणा तरी अडाण्याने धार उलटी लावून ठेवली, असं म्हणत मी दोन संध्याकाळी दगडावर बसले, त्या बाजूचा उतार घासून सपाट केला आणि दुसऱ्या बाजूला नवा काढला. पातं आणखी नखभर अरुंद झालं, पण पेन्सिलीला टोक असं येऊ लागलं की बघत राहावं. पुढच्या रविवारी बाजारात मी चार जणांना ते ऐकवलंही.

"चाकू चांगला हाय," म्हातारा म्हणाला. "पोलाद चांगलं. पर माज्या कामाचा न्हाय. दावू?"

खिडकीत माझी जास्वंदीची कुंडी होती. मी मान हलवल्यावर त्याने पेन्सिलीएवढी एक फांदी तोडून घेतली आणि चाकू पुन्हा उघडला. मग दोन तिरपे काप घेतले, एकेका ओढीत एक. दोन्ही तुकड्यांचे कापलेले चेहरे एकमेकांना लावून त्याने ते खिडकीच्या उजेडात धरले आणि मला म्हणाला, बघा.

मधून उजेड दिसत होता. केसाएवढी फट होती, पण होती.

"पोट ऱ्हातं मधी," तो म्हणाला. "येवड्या फटीत वारं शिरलं का काडी सुकली. मी डावरा, बाय. मला उतार डाव्या अंगाला लागतो. माजा चाकू तसा व्हता, चाळीस वरसं तसाच."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की, चाकू त्याने डाव्या हाताने उचलला होता, डाव्या हाताने उघडला होता, फांदीही डाव्या हाताने कापली होती. पात्यावरचा ओरखडा बघून मालक सांगते म्हणून बाजारात मिरवणारी मी, आणि समोरच्या माणसाचा हात मला दिसला नाही. उलटी धार कुणा अडाण्याने लावली नव्हती. ती ह्या माणसाने चाळीस वर्षं जपली होती आणि मी ती दोन संध्याकाळींत पुसून टाकली होती.

हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तो स्वतःच म्हणतोय की हा माझा नाही, मग आपण कशाला बोला, अशी मी मनाची समजूत घातली. दुसरा शोधा, मिळेल कुठे तरी, असं तोंडदेखलं काही बोलले. त्यावर तो म्हणाला की शोधायला वेळ नाही, आणि मग त्याने झाडाची गोष्ट सांगितली.

डेक्कनच्या मागच्या अंगाला एका बंगल्यात तो पस्तीस वर्षं माळी होता. मागच्या खोलीत राहायचा. लग्न होऊन बायको आली तेव्हा तिने लांज्याकडच्या आपल्या माहेराहून एका आंब्याची कोय आणली आणि खोलीच्या दारात लावली. आंबा काही नाव घेण्यासारखा नव्हता. लहान फळ, रेषाळ, पण रस असा की घरची माणसं हापूस बाजूला सारून तोच मागायची. भागी, म्हणजे बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. माहेरचं ते मूळ झाडही मागेच वादळात पडलं होतं. आता बंगला विकला गेला होता आणि शुक्रवारी सकाळी झाड तोडायला माणसं येणार होती. आज बुधवार होता.

मी विचारलं, कोय लावून नाही का येणार?

"कोयीचं झाड आईवर जात न्हाय," तो म्हणाला. "दुसरंच कायतरी निपजतं. तेच झाड पायजे तर कलमच बांदाया लागतं."

बाकी त्याची सगळी तयारी झाली होती. दहा दिवसांपूर्वीच त्याने बावीस शेंडे निवडून त्यांची पानं खुडून ठेवली होती, म्हणजे डोळे फुगून काड्या जोमात येतात. पिशव्यांत बावीस रोपं वाढवून ठेवली होती. आणि ऐन वेळी बघतो तर चाकू नाही. बाजारात मिळतात ते सगळे उजव्या हाताचे. दाढीच्या पात्याने करून पाहिलं तर आंब्याच्या लाकडात ते वाकलं. दोन दिवसांत चाकू नाही मिळाला तर भागीचं झाड संपलं, एवढी सरळ गोष्ट होती.

मी म्हटलं, बसा, चहा टाकते.

स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला टेकून उभी राहिले. कारण पेटीच्या तिसाव्या कप्प्यात एक चाकू होता. कलमाचा, जर्मन बनावटीचा, तेलकट कागदात गुंडाळलेला, पुठ्ठ्याच्या डबीसकट. डाव्या हाताचा. असे चाकू बनतातच थोडे आणि हा तर एकदाही वापरलेला नव्हता. मला तो एका बंद पडलेल्या बियाण्यांच्या दुकानात मिळाला होता. दादरचे बेहेरे, आमच्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात चिकित्सक संग्राहक, त्याच्यासाठी वर्षभर मागे लागले होते. बदल्यात ते मला शिंगाच्या मुठीचा त्यांचा चाकू द्यायला तयार झाले होते, जो मी सहा वर्षं त्यांच्याकडे नुसता बघत आले होते. येत्या रविवारी ते त्यासाठी पुण्याला यायचे होते. पण कोऱ्या चाकूची सगळी किंमत कोरेपणात. एकदा चिकात गेला की संपलं.

चहा उतू गेला. मी स्वतःला दोन चार शिव्या घातल्या, चहासाठी नव्हे, आणि पेटी उघडली.

म्हाताऱ्याने जर्मन चाकू बघितला तेव्हा त्याचे हात मांडीवरून हललेच नाहीत. "कोरा हाय," तो म्हणाला. "आंब्याच्या चिकानं काळा व्हईल, बाय. तो डाग जात न्हाय."

"होऊ दे काळा," मी म्हटलं. "पण चाकू मी घेऊन येणार उद्या. चाकू माझा, नजरही माझी."

हे मी मोठ्या उदारपणे म्हटलं. उदारपणा कसला, केलेल्या चुकीवर पांघरूण घालत होते. पण ते माझं मला ठाऊक होतं आणि त्याला कळलेलं नाही अशी माझी खात्री होती.

गुरुवारी शाळेत अर्धी रजा टाकून मी त्या बंगल्यावर गेले. पावसाने उघडीप दिली होती. झाड काही फार मोठं नव्हतं, पण डेरेदार होतं, आणि बुंध्यावर तोडणाऱ्यांनी आधीच चुन्याची खूण केलेली होती. म्हाताऱ्याचा मुलगा जयवंत टेंपोतून रोपांच्या पिशव्या उतरवत होता. तिशीचा, उंच, टेंपो चालवायचा. बापाच्या कामाची त्याला गोडी नव्हती हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी चाकू डबीतून काढून झाडाच्या पारावर ठेवला आणि म्हाताऱ्याने तो उचलला.

त्यानंतरचे दोन तास मी काय पाहिलं ते सांगायला जावं तर फार थोडं आहे. रोपाचा शेंडा छाटायचा, खुंटाला मधोमध उभी चीर द्यायची, काडीला दोन्ही अंगांनी काप घेऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. एवढंच. पण कालच्या म्हाताऱ्याचे वाकलेले खांदे एकदम सरळ झाले. एकेक काप एका ओढीत. पहिली काडी त्याने कापली आणि दोन्ही चेहरे जुळवून न बोलता माझ्यासमोर उजेडात धरले. फट नव्हती. तीस चाकू बाळगून मी आजवर धार म्हणून जे बघितलं होतं, ते पेन्सिलीच्या टोकापलीकडे गेलं नव्हतं. मला त्या वेळी सरळ सरळ आनंद झाला, आणि चाकू काळा पडताना बघून जे दुःख व्हायला हवं होतं ते झालं नाही.

चौथ्या कलमाला बापाने मुलाला हाक मारली. पट्टी धर म्हणाला. जयवंत कुरकुरत आला आणि उकिडवा बसला. पट्टी तो डाव्या हाताने ताणत होता. ह्या खेपेला मी ते बघितलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

संध्याकाळी बावीस पिशव्या टेंपोत चढल्या. म्हाताऱ्याने चाकू धोतराच्या सोग्याला पुसून पारावर ठेवला आणि झाडाच्या बुंध्यावर एकदा हात ठेवून निघाला. मागे वळून बघितलं नाही. शुक्रवारी झाड तुटलं.

रविवारी बेहेरे आले. त्यांनी भिंग काढलं, डबी बघितली, कागद बघितला, चाकू उघडला आणि टोकापासून मुळापर्यंत पसरलेले काळे डाग बघितले. मग चाकू मिटून टेबलावर ठेवला.

"बाई, चाकू गेला," ते म्हणाले.

"गेला नाही," मी म्हटलं. "कामाला गेला होता."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वेड लागलं म्हणून घरच्यांना कळवावं की काय, असा त्यांना प्रश्न पडला असावा. शिंगाच्या मुठीचा चाकू त्यांच्या पिशवीतून बाहेर आलाच नाही. मला वाईट वाटलं, ते नाकबूल करत नाही. सहा वर्षांची इच्छा होती.

महिन्याभराने एका दुपारी धोंडू गोताड पुन्हा दारात उभा राहिला. आत येऊन बसायच्या आधी त्याने सांगितलं, नऊ लागली. बावीसांतली नऊ म्हणजे फार नव्हेत, पण झाड राहायला एक पुरतं. नवी पालवी तांबूस आली होती म्हणे. त्याने हाताने दाखवलं, एवढी एवढी. मग तो बसला आणि म्हणाला, "त्यो दुसरा चाकू हाय काय अजून? तारंचा?"

मी पेटीतून तो काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याने उचलला नाही. आता गप्प राहणं मला शक्य नव्हतं.

"गोताडमामा," मी म्हटलं, "ह्या चाकूची धार पहिल्यांदा डाव्या अंगालाच होती. मी ती चुकीची समजले आणि फिरवली. त्या दिवशी तुम्ही फांदी कापून दाखवलीत तेव्हा मला कळलं, पण मी बोलले नाही."

"ठावं हाय," तो म्हणाला.

मी विचारलं, कधीपासून?

"मूठ हातात आली तवाच वळकला. ती तार म्याच ठोकलेली." तो अगदी शांतपणे बोलत होता. "त्या आदी त्या इस्माईलभायकडं जाऊन आलो व्हतो. तो म्हनला, कलमाचा चाकू चाकूवाल्या बायनी नेला, आन् दुसऱ्या आयतवारी येऊन सांगत व्हत्या, उलटी धार सुलटी केली म्हनून."

माझे कान तापले. भर बाजारात मारलेली फुशारकी अशी पायी चालत घरी आली होती. तरी मी विचारलं, मग माझा नाही असं का म्हणालात? माझा म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी देऊन टाकला असता.

तो खिडकीबाहेर बघत होता. खाली रस्त्यावर टेंपो उभा होता.

"माजा म्हनलो असतो तर तुमी इचारलं असतंत, मग इकला कोनी?" तो म्हणाला. "पोर त्या दिवशीबी खालीच बसला व्हता. घर बदलताना जुन्या लोखंडाच्या गोणीत घालून भंगारवाल्याच्या काट्यावर टाकला त्यानं. वाईटपना न्हवता. त्यानं त्यो बघितलाच न्हाय."

मी चाकू त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, तुमचा आहे, घेऊन जा, आणि माझ्या हातून झालं ते पोटात घाला. त्याने मान हलवली.

"फुकट नको. फुकट मिळाली वस्तू का ती माळ्यावर जाती, न्हायतर गोणीत. मी ह्यो माज्या पैल्या पगारात घेतलेला, म्हनून ऱ्हायला. पोराला आयता मिळाला. इकत घेतलेली वस्तू इकताना मानूस घेनाऱ्याकडं बघतो, बाय. आयती मिळालेली इकताना नुसतं वजन बघतो." मग त्याने चाकू माझ्याकडे परत सरकवला. "मला नका इकू. त्याला इका. कलमं बांदायचं शिकतो म्हनतोय. आन् ह्यातलं कायबी त्याला बोलू नका."

मी खिडकीतून हाक मारून जयवंतला वर बोलावलं. तो आला, चपला दारात काढून अवघडून उभा राहिला. बाप म्हणाला, तुला चाकू पायजे ना, ह्या बायकडं एक हाय, बघ. किंमत विचार.

मी किंमत सांगितली, दोनशे रुपये. त्या काळी कलमाच्या झिजलेल्या चाकूला ती भारीच होती. जयवंत हसला. म्हणाला, बाई, पातं तर अर्धं संपलंय, मूठ ठिगळाची, शंभरात द्या. मी म्हटलं, नाही. सव्वाशे म्हणाला. मी म्हटलं, दोनशे. तो बापाकडे वळून म्हणाला, अण्णा, ह्यापेक्षा बाजारात नवा येईल की. बाप भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे बघत होता, जणू ते विकत घ्यायचं होतं.

मग जयवंतने चाकू उचलला, डाव्या हाताने. मूठ धरली. दीडशेला तोंड उघडलं असावं, पण ते बोलणं बाहेर आलं नाही. त्याचा अंगठा मुठीवर एका जागी थांबला होता. तारेवर. त्याने खाली बघितलं. मग बापाकडे बघितलं. बाप चित्रच बघत होता.

मला वाटलं, आता हा रडणार किंवा चाकू टाकून जिना उतरणार. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. शर्टाच्या खिशातून पैसे काढले, पूर्ण दोनशे, आणि टेबलावर ठेवले. मग पातं उघडून त्याने ते उजेडात तिरपं धरलं.

"अण्णा, ह्याचा उतार उजव्या अंगाला हाय," तो म्हणाला.

"मंग फिरव," बाप म्हणाला. "मशिनीवर न्हाय. दगडावर, पानी घालून. हलक्या हातानं. दोन पावसाळे लागतील."

"लागू देत," जयवंत म्हणाला.

ते दोघं गेले. डागाळलेला जर्मन चाकू पुढच्या वर्षी मी शेतकी शाळेतल्या एका डावऱ्या मुलीला विकला. बेहेरे देत होते त्याच्या मानाने काहीच मिळालं नाही. पेटीत अजून तीसच कप्पे आहेत आणि एकतिसावा आला की एक अजूनही जातो. पण आता कुणी चाकू घ्यायला आलं की मी पेटी लगेच उघडत नाही. चहा करते, कप त्यांच्यासमोर ठेवते, आणि तो ते कुठल्या हाताने उचलतात ते बघते.